ह्यांच्या फोनवरची रमी

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारची भांडी आटपून ह्यांचा फोन घेऊन बसले. फोटो काढून घ्यायचे आणि बाकी सगळं पुसायचं, एवढंच काम. हे जाऊन दोन महिने झाले होते.

फोन सुरू होताच रमीच्या ॲपचा संदेश आला. "तुमची आठवण येतेय. टेबलावर तुमची जागा रिकामी आहे." मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली तेव्हा कंपनीवाल्यांनी खेळाचं नाव बदललं. आमचा नंबर तेवढा विसरले नाहीत.

हा खेळ घरात आणला मीच. ह्यांची नोकरी होती ते साकीनाक्याचं वर्कशॉप बंद पडल्यावर हे संध्याकाळी क्लबात रमी खेळायला जाऊ लागले. मी म्हटलं, "मोबाइलवर खेळा की. निदान डोळ्यांसमोर राहाल." आमच्या कोकणात गणपतीत सासऱ्यांपासून सुनांपर्यंत सगळे पत्ते कुटतात. पत्त्यांची भीती मला कधी वाटलीच नाही. घाटकोपरच्या घरात सोफ्यावर बसून ह्यांनी होती नव्हती ती शिल्लक घालवली आणि मी समोर चहा ठेवत राहिले. शेवटी इस्पितळात ह्यांना शुद्ध नव्हती, तरी अंगठा चादरीवर सरकत होता.

"काहीतरी मागतायत," नर्स म्हणाली.

हे रमीचं पान टाकत होते.

त्या दुपारी मी संदेशावर बोट ठेवलं. ह्यांना यात काय दिसत होतं, ते एकदा बघावं म्हणून. पहिला डाव फुकट. जिंकले. दुसराही जिंकले. असे कितीतरी फुकट डाव झाले, मग पैसे मागितले. ह्यांच्या फंडाची रक्कम त्याच आठवड्यात आमच्या दोघांच्या खात्यात जमा झाली होती. घरात तेवढीच उरली होती, आणि ओटीपी ह्याच फोनवर यायचा. मी पाचशेचा आकडा टाकला.

"आई, पत्ते खेळतेयस?" मुलगी मागे उभी होती.

"बघत होते गं नुसती."

"बाबा पण हेच म्हणायचे ना."

"चूप बस." पण पैसे न भरताच फोन खाली ठेवला. मला वाटलं होतं दहा मिनिटं झाली असतील. बाहेर दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी मुलीला रजा टाकायला लावली आणि बँक उघडायच्या आधी दोघी पायरीवर जाऊन उभ्या राहिलो. सगळी रक्कम दोघींच्या नावाने मुदत ठेवीत टाकली. मोडायची तर दोघींच्या सह्या हव्यात, असं लिहून दिलं.

"मॅडम, कोणाही एकीची सही लिहा ना," काउंटरवरची बाई म्हणाली. "सोयीचं पडतं."

"म्हणूनच नको," मी म्हटलं, आणि सही केली.