डाव्या पायाच्या गिअरची गाडी

पांढुर्ण्यात कुठलीही जुनी मोटारसायकल म्हणजे बुलेट. या अज्ञानाशी मी वर्षानुवर्षं लढतोय. साथीला सौंसरचा एक मित्र होता. सिनेमात इंग्रजांच्या काळातली एखादी गाडी फटफटत गेली, की फोनवर तिचं नाव आधी कोण सांगतो, याची आमची पैज. वहिनी गेल्या आणि त्याचे फोन थांबले. मी केला तर ‘हो’, ‘नाही’, ‘ठेवतो’. मी सडाफटिंग माणूस. घरातल्या पंख्याला किती किस्से ऐकवणार?

या हिवाळ्यात मोबाइलवर जुना कृष्णधवल सिनेमा पाहताना मी खुर्चीतून उडालोच. नायिका हात हलवते आहे, नायक गाडीवरून निघाला आहे. गाडी अस्सल ब्रिटिश, मीटर थेट टाकीवर. पण गिअर डाव्या पायाला, सायलेन्सर डावीकडे! त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांचं हे सगळं उजवीकडे असायचं. मित्राला तो तुकडा पाठवला. उत्तर नाही. मग सौंसरची बस धरली.

दार उघडून तो म्हणाला, “काहून आला बे?”

“गाडी पाह्यली का?”

“पाह्यली. बुलेट आहे.”

“बुलेट? तू म्हणून राहिला हे? गिअर डाव्या पायाले आहे, आंधळ्या!”

मी मोबाइल त्याच्या नाकासमोर नाचवला. त्यानं नाइलाजानं पाहिलं आणि पाहतच राहिला.

“या बाईचा पदर उजव्या खांद्यावर कसा?”

“आपल्या इकडे अर्ध्या बाया उजवाच घेतात.”

“हिंदीवाल्या. त्यायचा समोर येते. हा मांगं चालला. असा कोणी नेसत नाही बे. तुया वहिनीच्या पदराले पिन मीच लावून देत होतो. डाव्या खांद्यावर.”

मग डोक्यात प्रकाश पडला. इंटरनेटवर टाकणाऱ्यानं चोरी पकडली जाऊ नये म्हणून चित्रच डावं-उजवं उलटं केलं होतं! मी मोबाइल भिंतीवरच्या आरशासमोर धरला. गिअर उजवीकडे, सायलेन्सर उजवीकडे.

“रेड हंटर,” त्यानं हळूच गाडीचं नाव सांगितलं.

मी खोलीभर नाचलो, सलाम ठोकले, टाकीवरचा लाल पट्टा कसा राखाडी दिसतो, यावर भाषण सुरू केलं.

“पुन्हा लाव,” तो म्हणाला.

लावलं. गाडी वळणाआड गेली. तो आरशात त्या हात हलवणाऱ्या बाईकडे, तिच्या डाव्या खांद्यावर आलेल्या पदराकडे पाहत होता.

“पुन्हा लाव.”

मी भाषण अर्धवट सोडलं आणि लावत राहिलो.