काळ्या चौकटीचा कबुलीजबाब

आमच्या मराठी मंडळाच्या मागच्या स्मरणिकेत भिलाईतली निम्मी मराठी माणसं मेली. अध्यक्ष, सचिव, दहावी पास झालेली पोरं, विवाहेच्छुक मुलामुलींची यादी, सगळी नावं काळ्या चौकटीत. संपादक म्हणून माझंही. हे कुणामुळे झालं याबद्दल मंडळात जे ठरलं ते खोटं आहे, आणि ते खोटं मी बोललो. नावांचा पुरेसा घोळ घालून झाल्यामुळे या लेखात मी कुणाचंच नाव घेणार नाही.

स्टील प्लांटच्या ऑफिसात मी क्लार्क होतो. टाइपरायटरवर मथळा मधोमध आणायचा तर स्पेसबार मोजून दाबायचा. कॉम्प्युटर आल्यावरही मी तेच करत राहिलो आणि स्वतःला तज्ज्ञ समजत राहिलो. स्मरणिकेचं टायपिंग मात्र भिलाईतल्याच कोहक्याच्या एक ताई करायच्या. घरीच काम, लग्नपत्रिकांपासून अर्जांपर्यंत, आणि चूक शोधून सापडायची नाही. त्यांनी मला फाईल दाखवली तेव्हा स्क्रीनवर बाजूला एक यादी होती: मथळा, मजकूर, कविता, नाव, दिवंगत.

"काकाजी, प्लांटात हेल्मेटच्या रंगावरून माणूस कोन ते कळते ना? ह्या स्टाइल तशाच. अख्ख्या परिच्छेदाची वेगळी, मधातल्या अक्षरांची वेगळी. एखादं नाव वेगळं दाखवाचं असन तं त्याले यादीतलं दुसरं हेल्मेट घाला. हेल्मेटचा रंगच बदलू नोका, नाही तं साऱ्यायचा बदलन."

"समजलं, समजलं. जिंदगीभर ऑफिसच चालवलं मी."

"म्हनूनच सांगून राहिली."

फाईल छपाईला द्यायच्या दिवशी सकाळी कळलं की मंडळाचे एक जुने सभासद वारले. त्यांचं नाव आत होतं. त्याला चौकट हवी. ताई कुम्हारीला बहिणीकडे गेल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "दुपारपर्यंत थांबा, मी येऊन राहिली." थांबायला काय हरकत होती? काहीच नाही. ते नाव निवडून यादीतल्या 'दिवंगत'वर एकदा क्लिक केलं असतं तरी काम झालं असतं. पण मी माझ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडून 'नाव' या स्टाइलवर उजवं बटण दाबलं, बदल करा, चौकट, काळी, ओके. त्या पानावर चौकट अशी देखणी दिसली की मी स्वतःवरच खूश झालो. बाकीची पानं उलटून पाहिली नाहीत. फाईल प्रेसला दिली आणि घरी येऊन पोहे खाल्ले.

स्मरणिका वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला फोन जामुलच्या एका बापाचा. "काकाजी, मी पोरीसाठी स्थळं पाहून राहिलो, अन् तुमी तं तिची तेरवीच करून टाकली!" नागपूरहून अध्यक्षांच्या मेव्हण्याचा फोन थेट वहिनींच्या मोबाइलवर आला, सांत्वनाचा. फोन अध्यक्षांनीच उचलला होता.

तातडीची मीटिंग भरली. अध्यक्षांनी स्मरणिका टेबलावर आपटली. "मी मेलो कावून, हे मले कोनी सांगेल का?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसताच म्हणालो, "मले कॉम्प्युटरमधलं काय समजते? सारं काम ताईच पाहतात."

आदल्या महिन्यात याच टेबलावर मी सगळ्यांना 'फाईल सेव्ह कशी करावी' शिकवलं होतं. ते कुणाला आठवलं नाही.

ताई त्या मीटिंगला नव्हत्या. नंतरही आल्या नाहीत. पुढचं काम दुर्गच्या एका दुकानाला गेलं. "त्यांच्या हातून गडबड होते" हे वाक्य आपल्या लोकांत फिरत राहिलं, आणि पत्रिका घेऊन कोहक्याला जाणारी माणसं दुसरीकडे वळली. एका लग्नात पत्रिकेवर नवरदेवाचं आडनाव चुकलेलं पाहिलं तेव्हा मला कळलं की ती ताईंकडे गेली नव्हती. जेवण गेलं नाही.

यंदा पुन्हा स्मरणिका निघणार म्हटल्यावर मी कोहक्याला गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं. ताई पदराला हात पुसत ऐकत होत्या.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "प्रेसमधून फाईल मागवून पाह्यली मी. तिच्यावर शेवटचा बदल कोनी केला ते लिहिलेलं असते, काकाजी. तुमचं नाव होतं, वेळेसकट."

"मग बोलल्या कावून नाही?"

"तुमचंही नाव चौकटीत होतं ना. म्हटलं, गेलेल्या मानसाबद्दल वाईट कशाले बोलाचं?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "चार लोकांत माहं काम वाईट म्हनलं तुमी. चार लोकांतच सांगा. छापून. मंग यंदाची फाईल हातात घेईन."

म्हणून हा लेख. मंडळानं तो अध्यक्षांच्या मनोगतानंतर लगेच छापावा, अशी माझी अट आहे. मागच्या स्मरणिकेतली चूक संपूर्ण माझी होती. ताईंनी मला आधी बजावलं होतं, मी ऐकलं नाही, आणि वर त्यांच्यावर ढकललं.

या लेखाच्या मथळ्याला स्टाइल मीच लावली आहे, यादीतून निवडून. ताई शेजारी बसल्या होत्या. माउसचं उजवं बटण दाबायला गेलो तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.