खोक्यावरचं वजन

परभणीच्या स्टेशन रोडवर गाणी कॅसेटीत भरून देणारं एक दुकान होतं. पिंगळीच्या गाडीला वेळ असला की मी तिथं जाऊन टेकायचो. नामांतराच्या दंगलीनंतर एकदा तिथं एक माणूस आला. काखेत बेंजो आणि पिशवीत त्या बेंजोचा नुसता स्पीकर. त्याचं लाकडी खोकं घराबरोबर जळालं होतं.

"भीमगीतं भरायचीत," तो म्हणाला, "पर आवाज आमच्या खोक्याचा यायला पायजे."

दुकानदारानं स्पीकर आधी रांजणात ठेवून पाहिला, मग चहाच्या लाकडी खोक्यात. माणूस दोन सूर वाजवायचा, खोक्यावर तळहात ठेवायचा आणि मान हलवायचा. "लय पोकळ वाजायलाय."

उभं राहून माझे पाय भरून आले, म्हणून मी त्या खोक्यावरच बसलो. त्यानं सूर छेडला आणि एकदम थांबला. तो चिडला असं वाटून मी उठायला लागलो.

"उठू नका, सायेब. ह्योच आवाज. आमचा धाकटा भाऊ खोक्यावर बसूनच गायचा."

"मग त्यालाच आणायचं की," मी म्हणालो.

तो बेंजोच्या तारा पुसत राहिला. "खोकं काढायलाच आत गेलता त्यो."

दुकानदारानं टेप चालू केला. धृपद वाजवून झालं, कडवं आलं की तो माणूस हात थांबवायचा. भावाला गायला लागेल तेवढा वेळ जाऊ द्यायचा आणि मग पुढं वाजवायचा. अशाच एका मोकळ्या कडव्यात माझी गाडी शिट्टी देऊन सुटली. मी उठलो नाही.