मुहूर्ताआधी धुतलेली भिंत

आमच्या मंदिराच्या मागच्या भिंतीवर दोनदा रंग दिला आहे, तरी पाऊस पडून गेला की तिथली अक्षरं मला दिसतात. बायको म्हणते, तिथं काही नाही. तिचं बरोबर असेल. तिनं ती अक्षरं कधी पाहिलीच नाहीत. आम्ही तिघांनी पाहिली होती, आणि तिघांनी मिळून ती पुसली.

हे मंदिर पूर्वी गालिच्यांचं दुकान होतं. डेट्रॉइटच्या उत्तरेला, ट्रॉयपासून जवळच. शेजारच्या बैठ्या इमारतीत मशीद आहे आणि दोन्हींच्या मधे गाड्या लावायची मोकळी जागा. ईदला त्यांच्या गाड्या आमच्या बाजूला, गणपतीत आमच्या त्यांच्या बाजूला. असं कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, चालत आलं आहे. गाड्यांना दिशा दाखवायची नारिंगी जॅकेटंसुद्धा एकमेकांचीच वापरायची.

पुण्यात असताना मी आरतीला उभा राहत नसे. आई हाक मारायची आणि मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचो. इथं आल्यावर, मुलं बोलायला लागल्यावर, मी मंदिरात जायला लागलो आणि बघता बघता कार्यकारिणीवर आलो. माझ्यासारखे पुष्कळ निघाले. पंधरा-वीस घरांचा गणपती पाचशे माणसांचा झाला. समोरच्या चर्चमध्येही तेच. रविवारी तिथली तरुण पोरं दारात उभी राहून गात असतात. मशिदीत शुक्रवारी बाहेर सतरंज्या घालाव्या लागतात. आमच्या रस्त्यावर देवांना बरे दिवस आले होते.

मशीद पहाटे उघडायचं काम चाचांकडे होतं. ते परभणीचे. मोटार कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. माझ्या बायकोचं माहेर परभणी आहे हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी मला जावईबापू म्हणायला सुरुवात केली. "आमच्या गावाची पोरगी नेली आणि साधा आहेरसुद्धा मागितला नाही, असला कसला जावई?" असं भर पार्किंगमध्ये ओरडायचे. परक्या देशात माझ्याशी मराठीत भांडणारा तो एकच शेजारी.

त्या वर्षी गणेश चतुर्थीला मंदिर उघडायची पाळी माझी होती. मागच्या बाजूला गाडी लावली आणि भिंत दिसली. काळ्या स्प्रेनं, माझ्या उंचीची अक्षरं. आपल्या देशात परत जा, आणि त्याखाली, पुढच्या वेळी तुम्ही आत असताना जाळू.

ते वाचल्यावर मी पहिल्यांदा कुठं पाहिलं, तर मशिदीकडे. क्षणभरच. पण पाहिलं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

अध्यक्ष काकांना फोन केला. काका इथले जुने डॉक्टर, मंदिर उभं केलं ते त्यांनीच. ते दहा मिनिटांत आले, सोवळ्यातच. सजावटीसाठी आमचा नागपूरचा एक आयटीवालाही तोवर पोचला होता.

काकांनी भिंत वाचली आणि विचारलं, "थिनर आहे का?"

"काका, आधी पोलिसांना फोन करू या ना."

"कर. ते पिवळी टेप लावतील आणि दुपारपर्यंत कुणाला आत सोडणार नाहीत. साडेनवाचा मुहूर्त आहे. मूर्ती काय तुझ्या डिकीत बसवू?"

नागपूरकर म्हणाला, "मला पोलीस-बिलीस नको हं काका. माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय यार."

"निदान फोटो काढून ठेवतो," मी म्हणालो.

"म्हणजे तो ग्रुपवर जाणार. मग आज बाप्पाला कोण येईल? लहान मुलं येणार आहेत रे. सणाच्या दिवशी देवाच्या दारात असलं अशुभ ठेवायचं नसतं. पूस ते."

मी फोन खिशात टाकला. काकांवर ढकलणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर त्यांनी पूस म्हटल्यावर मला बरं वाटलं. पुसलं की ते झालंच नाही, असं काहीतरी मनात होतं.

थिनर, तारेचा ब्रश, बादल्या. खालची ओळ गेली. वरच्या ओळीसाठी मी शिडीवर चढलो, तेवढ्यात चाचा नमाजाहून बाहेर आले. थिनरचा वास त्यांच्या दारापर्यंत गेला होता.

"काय जावईबापू, ऐन चतुर्थीला रंगरंगोटी? परभणीत लोक आठ दिवस आधी उरकतात."

"थोडा डाग पडला होता, चाचा."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तोवर तिथं काळा राप उरला होता, वाचता येण्यासारखं काही नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. "सगळं ठीक आहे ना?"

मघाशी मी मशिदीकडे पाहिलं होतं, ते माझ्या तोंडावर त्यांना दिसेल अशी मला भीती वाटली. म्हणून मी जरा जास्तच हसलो. "एकदम ठीक. तुम्ही मोदकांना या."

"मग शिडी तरी धरू दे. पडलास तर गावाकडे काय तोंड दाखवू?"

आणि त्यांनी शिडी धरली. ते खाली शिडी धरून उभे असताना मी उरलेली अक्षरं घासून काढली.

प्रतिष्ठापना वेळेवर झाली. मुलांनी अथर्वशीर्ष न अडखळता म्हटलं, काकांचे डोळे भरून आले. चाचांच्या घरी मी मोदकांचा डबा पोचवला.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. पहाटे मशिदीचं कुलूप काढताना एका माणसानं चाचांच्या डोक्यात लोखंडी गज घातला. नमाजाला आलेल्यांना ते पायरीवर सापडले. कॅमेऱ्यामुळे माणूस सापडला. तो म्हणाला, गाडी लावण्यावरून बाचाबाची झाली, डोकं फिरलं, एवढंच.

दोन दिवसांनी एक पोलीस अधिकारी मंदिरात आला. यापूर्वी इकडे काही धमकी, काही नासधूस? काका म्हणाले, "नो ऑफिसर, नथिंग लाइक दॅट." अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मीही नाही अशी मान हलवली.

चाचा घरी आल्यावर मी भेटायला गेलो. आरामखुर्चीत बसले होते, शेजारी वॉकर. एका डोळ्यानं अंधुक दिसत होतं. त्यांची मुलगी, फार्मासिस्ट, लांबून आली होती. तिनं चहा दिला. ती आत गेल्यावर चाचा हळू आवाजात बोलायला लागले.

"मारताना तो बोलला, जावईबापू. म्हणाला, भिंतीवर लिहून सांगितलं होतं तुम्हाला. पोलिसांना मी ते सांगितलं. ते विचारतात, कुठली भिंत? आमच्या भिंतीवर कुणी काही लिहिलेलं नाही. त्याचा वकील म्हणतो, म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागलाय. डॉक्टरही म्हणतात की असं होतं, मेंदू नसलेलं ऐकवतो."

मी कप खाली ठेवला.

"मला ते रोज ऐकू येतं. पण ते झालंच नसेल, तर म्हणजे माझं डोकंच गेलं ना? मी पोरीला सांगितलंय, ते वाक्य मागे घेतो. झालंच नाही ते शपथेवर कसं सांगू? मशिदीच्या किल्ल्यापण परत दिल्या."

त्या माणसाला मंदिर आणि मशीद यांतला फरक कळला नव्हता. एका पार्किंगभोवतीची दोन घरं, त्याच्या लेखी आम्ही सगळे एकच. त्यानं आमच्या भिंतीवर लिहिलं आणि मारलं चाचांना. ते लिहिलेलं त्याच्याखेरीज जगात फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. आणि मी चहा संपवला, काळजी घ्या म्हणालो आणि घरी आलो.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "केस त्यांची आहे. आपण पोलिसांना नाही म्हणून बसलोय. आता उकरून काढलंस तर मंदिर खोटारडं ठरेल. पन्नास वर्षं लागली रे इथं नाव मिळवायला." ते रागावले नव्हते. घाबरले होते. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी तर काहीच म्हटलं नव्हतं, ते त्याहून वाईट.

त्या दिवसांत मी कुठंही असलो तरी शिडीखाली कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, किराणा भरताना. खाली पाहिलं तर फक्त फरशी.

वाक्य मागे घ्यायला चाचा वकिलाकडे जाणार, त्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काय लिहिलं होतं, कुणी पुसलं, पोलिसांना काय म्हटलं. मशिदीकडे पाहिलं होतं तेवढं सोडून सगळं.

चाचा रागावतील म्हणून मी तयार होतो. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा सैल पडला. "म्हणजे मी बरोबर ऐकलं," ते म्हणाले. मग मुलीकडे वळून, मोठ्यानं, "ऐकलंस ना बेटी? माझं डोकं ठिकाणावर आहे!" आणि हसायला लागले. हसता हसता एक डोळा वाहत होता. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाले, "थँक यू."

ते थँक यू मी अजून कुठं ठेवू शकलेलो नाही.

मुलगी इंग्रजीत बोलली, अगदी शांतपणे. "अब्बांनी तुमची शिडी धरली होती. तेव्हा त्यांना सांगितलं असतं तर ते पहाटे एकटे गेले नसते. पोलिसांची गाडी उभी राहिली असती."

"हो."

"आता चला स्टेशनवर. तुम्ही पुढे व्हा, मी मागून माझ्या गाडीतून येते. तुम्ही तिथं पोचाल याची मला खात्री नाही."

ती पूर्ण रस्ताभर माझ्या मागे होती. आरशात तिचे दिवे दिसत होते. स्टेशनात ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. अधिकाऱ्यानं विचारलं, तेव्हाच फोन का केला नाहीत? मी मुहूर्त समजावून सांगायला लागलो. ग्रहांची वेळ, मूर्ती, मुलं. ऐकताना त्याचा हात थांबला आणि माझ्या लक्षात आलं की यातलं काहीच उत्तर नाही. मी म्हणालो, "आम्ही घाबरलो होतो." त्यानं ते लिहून घेतलं.

कार्यकारिणीवरून मला काढलं. काका बोलत नाहीत. केस उभी राहिली आहे आणि चाचा साक्ष देणार आहेत, आपल्या वाक्यासकट. मंदिर उघडायचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं, कारण पहाटे यायला दुसरं कुणी तयार नाही.

आता मशीद चाचांची मुलगी उघडते. तिनं इथंच नोकरी घेतली. रोज पहाटे तिचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही. "तुमच्या बाजूला?" एवढंच विचारते. मी फोन कानाला लावून इमारतीला पूर्ण फेरी मारतो, चारही भिंती बघतो, आणि मगच सांगतो. ती तोवर थांबते. तिचा श्वास ऐकू येतो. कधी मधेच फोन ठेवत नाही, आणि मी सांगून झाल्यावर एक शब्द जास्त बोलत नाही.