भेगेवरचा चुना

आमचे भडकूसाहेब आधी हात उचलायचे, मग तोंड उघडायचे. खरं आडनाव वेगळं, पण ऑफिसात पाठीमागे सगळे हेच म्हणत. डोंगराच्या पायथ्याशी कुणी खोल खणायला लागलं की वरचा उतार टिकेल का, हे तपासायचं आमचं काम. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत घाटकोपरला एका बिल्डरने तळघरासाठी डोंगर सरळ उभा कापला. खड्डा बुजव, असं साहेबांनी बजावलं, तर तो हसला. साहेबांनी खुर्ची उचलून त्याच्या टेबलाची काच फोडली. त्यानेच दिलेलं काम गेलं आमचं! तरी साहेब तिथं जातच राहिले, आणि मीही जायचो, नाहीतर कुणाचं तरी डोकं फुटलं असतं.

खड्ड्याच्या वर बैठी चाळ होती, सगळी कोकणातली माणसं. तिच्या अंगणात भेग पडली होती. साहेबांनी भेगेवर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. काच तडकली की डोंगर सरकला, तेव्हा मुकाट निघायचं. हे समजावतानाही ते अस्सल मालवणी शिव्या हासडत होते, बायका पोरांचे कान झाकत होत्या.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी धो धो पावसात आम्ही गेलो, तर पट्ट्या गायब. देव येणार म्हणून चाळीने त्या खरवडून काढल्या होत्या, भेगेत सिमेंट भरून वर छान चुना मारला होता. आता त्या सिमेंटमधूनच बोट जाईल एवढी चीर गेली होती. खाली खड्ड्यात माती धपाधप पडत होती. साहेबांनी दोघांच्या थोबाडीत दिल्या, एक पेटता स्टोव्ह लाथेने उडवला. कुणी हलेना. चाळीचा गणपती गावकरकाकांच्या खोलीत होता. काका शांतपणे म्हणाले, "बाप्पा बसलाय, साहेब. विसर्जनाआधी मूर्ती हलवायची नसते. त्याला टाकून आम्ही जायचं कुठं?"

साहेब बुटांसकट आत घुसले, मूर्ती उचलून छातीशी धरली आणि समोरच्या शाळेकडे पळत सुटले. अख्खी चाळ पिसाळून मागे धावली, पोराबाळांसकट. पटांगणात त्यांनी साहेबांना पाडलं. लाथा, काठ्या, छत्र्यांचे दांडे, मिळेल त्याने हाणलं. मी मध्ये पडलो तर माझाही दात पडला. साहेब मूर्तीवर ओणवे होऊन मार खात होते. एरवी कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस, पण त्याने बोटही उचललं नाही. तेवढ्यात डोंगर खाली आला. चाळीच्या जागी नुसता लाल चिखल उरला.

सगळे वाचले. फक्त गावकरकाका नव्हते. समई विझू द्यायची नाही, ती घेऊन मागून येतो, असं ते सुनेला म्हणाले होते.

हॉस्पिटलात साहेब मोडका हात गळ्यात अडकवून पडले होते. मला एवढंच म्हणाले, "समई पण उचलूक व्हयी हुती रे मिया." मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर त्यांचा आवाज कधी चढला नाही. चौकशीत बिल्डर सगळ्यांसमोर म्हणाला, पावसाने झालं, आमचा काय दोष. साहेब मान खाली घालून बसून राहिले. मग मीच उठलो आणि त्याच्या कानाखाली आवाज काढला.