मुळांची लव

गिरणीचा संप फसला आणि सूतखात्यात अठरा वर्षं काढलेला सहदेव घाडी अंधेरीच्या एका कॉलेजात रोजंदारीवर झाडांची मुळं धुवायला लागला. जोगेश्वरीच्या चाळीत त्याची बायको जानकी शेजारणींना सांगायची, "आमचे कॉलेजात आसत." पुढचं सांगायची तिला गरज वाटत नसे.

आरे कॉलनीच्या रानातून ठरलेल्या झाडाखालची माती आणायची, चाळणीवर धुवायची, उरलेली मुळं चौकटीच्या कागदावर पसरून किती रेघा ओलांडतात ते मोजायचं. त्यावरून लांबी निघते, असं संशोधन करणाऱ्या क्षमाबाई सांगत. "आपण मॉडेल करतोय," त्या म्हणाल्या तेव्हा सहदेवाला वाटलं, एक दिवस प्लास्टरचं झाड येईल. आलं ते कॉम्प्युटरमधून निघालेलं, कडांना भोकं असलेलं कागदाचं भेंडोळं. नुसते आकडे!

"बाई, यात झाड कुठाय?"

"मुळांची लांबी आणि मातीतला फॉस्फरस घातला की झाड किती खाईल ते हे सांगतं."

"झाडाला विचारून?"

"न विचारता. तीच तर गंमत."

गंमत फार टिकली नाही. गणित म्हणे झाड फॉस्फरसचे दहा भाग खाईल. पानं तपासली तर पठ्ठ्याने तीस खाल्लेले. महिनाअखेर या कामाला पैसे देणारे साहेब तपासणीला येणार होते. हे असंच राहिलं तर काम बंद, आणि सहदेव पुन्हा घरी.

"झाड खाता, पण तोंड खंय ताच गावत नाय," त्याने जानकीला सांगितलं.

"तुमचा तरी काय? इतक्या जेवतास, ता जाता खंय?"

दुसऱ्या दिवशी क्षमाबाई त्याच्या मोजण्यात खोट शोधायला शेजारीच उभ्या राहिल्या. सहदेवाने मूळ उचललं आणि चिमटीत धरून अलगद निपटलं. पांढरी लव बोटांना चिकटून आली.

"हे काय काढताय?"

"लव, बाई. सूत कसं गुळगुळीत पायजे. लव राहिली तर आमचा जॉबर, खात्याचा मुकादम, आईबाप काढायचा."

क्षमाबाई त्याच्या बोटांवर वाकल्या. "अहो सहदेवभाऊ, ते बुरशीचे धागे! मुळं पोचत नाहीत तिथलं तेच आणून देतात झाडाला. टाकलंत सगळं?"

"टाकीन कसा?" सहदेव दुखावला. गिरणीत कचऱ्याचंसुद्धा वजन होई. फेकणारा चोर ठरे. त्याने मोरीखालून बाटल्या काढल्या. एक्केचाळीस. मुळं ठेवायच्या औषधी पाण्यात लव, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर झाडाचा नंबर.

शिव्या द्याव्यात की पाया पडावं, हे बाईंना ठरवता येईना. त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आठवडाभर धागे मोजत बसल्या. ते गणितात घातल्यावर दहाचे बावीस झाले. साहेबांनी मान हलवली आणि राहिलेले आठ शोधायला आणखी दोन वर्षं दिली.

"म्हणजे तुमी चुकलास की बरोबर होतास?" जानकीने विचारलं.

"ताच माका कळाक नाय. आदी म्हणत, आकडे जुळले नाय तर काम जाताला. आता जुळले नाय म्हणान काम ऱ्हवला."

"आणि ते आठ गावले तर?"

सहदेव जेवता जेवता थांबला. "तर संपला काम."

जानकीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "मगे सावकाश शोधा."