रवंथाचं विरजण

तेर गावच्या केराबाईंची शेळी तीन दिवस रवंथ करीना, औषधंही लागू पडेनात. मग केराबाईंनी सासूचा उपाय केला. धडधाकट शेळीच्या तोंडातला चघळलेला घास बोटांनी ओढला आणि आजारी शेळीला भरवला. शेजारचे आण्णासाहेब नाकाला उपरणं लावून हसले.

दुसऱ्या दिवशी शेळी कडबा खाऊन निवांत रवंथ करत बसली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. "मावशी, चारा पचवतात ते पोटातले जंतू. दुधाला विरजण लावावं तसे तुम्ही ते घासातून हिच्या पोटात सोडलेत! माणसाच्या पोटात त्यांना शेळीसारखी जागाच नाही, म्हणून आपल्याला कडबा पचत नाही."

महिन्याभरानं आण्णासाहेबांच्याच शेळीचा रवंथ थांबला. ते दारात येऊन म्हणाले, "वैनी, जरा रवंथ द्या की."

केराबाईंनी पदर खोचला. "न्या की! पर बोटं तुमची घाला."